सीझरची माफी आणि मिंधेपण

इ.स.पू. 49 चा फेब्रुवारी. इटलीतलं कॉर्फिनियम नावाचं गाव सीझरच्या सैन्याने वेढलंय आणि आत अडकलाय डोमिशियस अहेनोबार्बस, म्हणजे तोच माणूस ज्याला सिनेटने (रोमच्या बड्या लोकांची राज्य चालवणारी सभा) सीझरची गॉलमधली, म्हणजे आजच्या फ्रान्सकडची, गव्हर्नरची खुर्ची देऊन टाकली होती. त्याचे स्वतःचेच सैनिक फिरलेत. आता आपलं काय होणार हे त्याला पक्कं माहितीये, कारण रोममध्ये हरलेल्यांचं काय होतं हे त्याच्या पिढीने डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तो आपल्या डॉक्टरकडे (जो त्याचा गुलामच होता) विष मागतो आणि पिऊन आडवा होतो. थोड्या वेळाने बातमी येते की सीझर कोणालाच मारत नाहीये, सगळ्यांना सोडतोय. डोमिशियस कपाळाला हात लावतो, उगाच घाई केली म्हणून रडायला लागतो, तेव्हा डॉक्टर हळूच सांगतो की मालक, ते विष नव्हतं, झोपेचं औषध होतं. मग हा उठतो, सीझरसमोर जातो, सीझर त्याला सोडतोच, वर त्याने सैन्याच्या पगारासाठी आणलेले 60 लाख सेस्टर्स पण परत देतो. आणि डोमिशियस काय करतो? सरळ मॅसिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला जाऊन परत सीझरच्याच विरुद्ध लढायला उभा राहतो.

विषाचा किस्सा प्लुटार्क या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवलाय. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं, काय कृतघ्न माणूस आहे. पुढे 5 वर्षांनी ज्यांनी सीझरला भोसकलं त्यांच्यातले ब्रूटस आणि कॅसियस हेसुद्धा माफी मिळालेलेच, त्यामुळे शाळेपासून आपल्या डोक्यात जे बसलेलं असतं, ब्रूटस तू सुद्धा, दगाबाजी, खाल्ल्या मिठाला न जागणं, ते अजूनच पक्कं होतं. पण नंतर वाचत गेलो तसं मत बदललं. आता मला वाटतं की सीझर संपला त्याला क्रूरपणा कारण नव्हता आणि लोकांचा कृतघ्नपणाही नव्हता, तो संपला त्याच्या माफीमुळे, म्हणजे ज्या गुणाचं सगळे कौतुक करतात नेमक्या त्याच गुणामुळे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या बिल्डिंगमधले एक काका. गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, पाणीकपात, पार्किंग, इलेक्शन, त्यांची गाडी शेवटी एकाच स्टेशनवर थांबते: "आपल्याला दहा वर्षं एक हुकूमशहा पाहिजे, फक्त मनाचा चांगला." पहिला भाग बोलणारे खूप भेटतात, मला अडकवतो तो दुसरा भाग. मनाचा चांगला असला की झालं? कारण इतिहासात मनाने चांगला (निदान स्वतःच्या लोकांशी) असा डिक्टेटर शोधायला गेलं तर सीझरपेक्षा चांगलं उदाहरण मिळणं अवघड आहे.

रोममध्ये हरलेल्यांचं काय व्हायचं ते आधी सांगतो. इ.स.पू. 82 मध्ये सुल्ला नावाचा सेनापती यादवी जिंकून डिक्टेटर झाला आणि त्याने फोरममध्ये, म्हणजे रोमच्या भर चौकात, याद्या लावल्या. ज्याचं नाव फळीवर त्याला कोणीही मारावं, डोकं आणून द्यावं, 12,000 दिनार बक्षीस न्यावं, मेलेल्याची इस्टेट लिलावात, आणि त्याच्या पोरांना नातवंडांना सरकारी पदं कायमची बंद. म्हणजे माणूस मारणं हा चक्क धंदाच झाला होता, शेजाऱ्याची बाग आवडली तर त्याचं नाव यादीत घुसवायचं. याच काळात सीझर 18 च्या आसपासचा पोरगा होता आणि सगळ्या चुकीच्या बाजूंना नातेवाईक असलेला. सुल्लाचा जन्माचा वैरी मारियस हा त्याच्या आत्याचा नवरा, आणि बायको कॉर्नेलिया ही सिन्नाची मुलगी, सिन्ना म्हणजे सुल्लाचा दुसरा वैरी. सुल्लाने सांगितलं, बायको सोड. सीझर म्हणाला नाही सोडत. मग बायकोचा हुंडा गेला, वारसा गेला, रोज रात्री जागा बदलत लपत फिरला, त्यात अंगात ताप, शेवटी नातेवाईक आणि व्हेस्टाच्या पुजारणी मध्ये पडल्या आणि सुल्लाने वैतागून त्याला जीवदान दिलं. देताना म्हणाला म्हणे की घ्या तुमचा पोरगा, पण याच्यात कितीतरी मारियस भरलेत.

आता गंमत बघा. सीझरलाही एका डिक्टेटरने माफ केलं होतं. मग तो आयुष्यभर सुल्लाच्या गटाला जागला का? अजिबात नाही. इ.स.पू. 65 मध्ये एडाइल (शहराची व्यवस्था आणि खेळ बघणारा अधिकारी) झाल्यावर त्याने सुल्लाने हटवलेली मारियसची विजयचिन्हं कॅपिटॉल टेकडीवर परत उभी केली, तीही रातोरात. याला कोणी कृतघ्न म्हणतं का? नाही म्हणत, उलट बाणेदार म्हणतात. पण तेच डोमिशियसने केलं, ब्रूटसने केलं की कृतघ्न. हा न्याय मला पटत नाही.

सीझरच्या दयेबद्दल अजून एक किस्सा आहे जो मला प्रचंड बोलका वाटतो. तरुणपणी एजियन समुद्रात चाच्यांनी त्याला पकडलं, 20 टॅलेंट (चांदीचं मोठं वजनी माप) खंडणी मागितली, हा हसला आणि म्हणाला माझी किंमत एवढीच? 50 मागा. 38 दिवस त्यांच्यात राहिला, त्यांना कविता वाचून दाखवायचा, दाद दिली नाही तर अडाणी म्हणायचा, आणि हसत हसत सांगायचा की सुटलो की तुम्हाला क्रुसावर चढवणार. सुटला, जहाजं जमवली, पकडलं आणि खरंच चढवलं. फक्त आधी त्यांचे गळे कापले, म्हणजे क्रुसावर तडफडायला नको. सीझरचा रोमन चरित्रकार सुएटोनियस हा प्रसंग सीझरच्या दयाळूपणाचं उदाहरण म्हणून देतो! आणि एका अर्थी ती दयाच होती, नाही कशाला म्हणू. पण कोणाला किती दया दाखवायची हे ठरवणार एकटा सीझर. प्रांताचा रोमन गव्हर्नर निर्णय घ्यायला टाळाटाळ करत होता, त्याला बाजूला ठेवून याने परस्पर उरकलं.

पुढचा चढ सगळ्यांना माहिती आहे म्हणून पटकन उरकतो. खेळ भरवले, 320 जोड्या ग्लॅडिएटर उतरवले, कर्ज एवढं केलं की इ.स.पू. 61 मध्ये स्पेनला निघताना सावकारांनी अडवलं आणि क्रॅसस 830 टॅलेंटला जामीन राहिला तेव्हा कुठे याला गावाबाहेर पडता आलं. मग पॉम्पी, क्रॅसस आणि हा असं तिघांचं साटंलोटं. 59 मध्ये कॉन्सल (रोमचं सगळ्यात वरचं पद, एका वर्षी दोघं जण) झाला तेव्हा त्याचा जोडीदार कॉन्सल बिब्युलस, त्याच्या डोक्यावर भर फोरममध्ये शेणाची टोपली ओतली गेली, तो बिचारा घरात बसून अपशकुनाचे निरोप पाठवत राहिला, आणि लोक थट्टेत म्हणायला लागले की यंदा कॉन्सल आहेत ज्युलियस आणि सीझर. त्यानंतर गॉल, 58 पासून जवळजवळ 9 वर्षं.

गॉलमध्ये ही प्रसिद्ध दया कुठे होती तेही बघायला हवं. 52 मध्ये अव्हॅरिकम हे शहर पडलं तेव्हा आतल्या साधारण 40,000 लोकांपैकी जेमतेम 800 वाचले, हा आकडा खुद्द सीझरचा आहे. 51 मध्ये उक्सेलोडुनमला तर ज्यांनी ज्यांनी हत्यार उचललं होतं त्या सगळ्यांचे हात तोडले आणि जिवंत सोडलं, म्हणजे बाकीच्यांना दिसत राहावं. आणि हे लिहिताना त्याचाच अधिकारी हिर्टियस काय म्हणतो, तर सीझरचा दयाळूपणा सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे कोणी याला स्वभावाचा क्रूरपणा समजेल अशी त्याला भीती नव्हती. हे वाक्य मी तीनदा वाचलं होतं. म्हणजे दयेचं एवढं क्रेडिट खात्यात जमलंय की आता हजारो हात तोडले तरी बॅलन्स शिल्लक राहतो.

49 मध्ये सिनेटशी फाटल्यावर रुबिकॉन ही हद्दीची नदी सैन्यासकट ओलांडून तो इटलीत घुसला तेव्हा अख्खं रोम दुसऱ्या सुल्लाची वाट बघत होतं. आणि याने बरोबर उलटं केलं. कॉर्फिनियमनंतर आपल्या माणसांना पत्र लिहिलं, ते सिसेरो या सिनेटरच्या पत्रव्यवहारात टिकलंय, त्यात तो म्हणतो की जिंकायची ही नवी रीत होऊ दे, दया आणि औदार्य हीच आपली तटबंदी. माणूस किती हुशार होता बघा, तटबंदी हाच शब्द. सिसेरो काही भोळा नव्हता, त्याने मित्राला लिहिलं की गावोगावचे लोक या सापळ्यासारख्या दयेवर भाळलेत. त्यात क्युरिओने, जो सीझरचाच माणूस, सिसेरोला खासगीत सांगितलं की बाबा, हा स्वभावाने दयाळू वगैरे नाहीये, दया लोकांना आवडते म्हणून चाललंय. मला स्वतःला वाटतं की थोडं स्वभावातही असणार, कारण फार्सेलसच्या लढाईत 48 मध्ये पॉम्पीचा (जुना साथीदार, आता सिनेटच्या बाजूचा सेनापती) पराभव झाल्यावर त्याची सगळी पत्रं हाती लागली होती, कोण कोण आतून मिळालेलं होतं ते कळलं असतं, आणि सीझरने ती न वाचता जाळली म्हणतात. नुसता हिशेबी माणूस असं करेल का, मला शंका आहे.

पण समजा दया शंभर टक्के खरी होती. तरी प्रश्न तिथेच राहतो, आणि तो सगळ्यात स्वच्छ दिसला केटोला, म्हणजे सीझरच्या कट्टर विरोधक सिनेटरला. इ.स.पू. 46, उटिका, आजचं ट्युनिशिया. थॅप्ससच्या लढाईत सिनेटच्या बाजूचं आफ्रिकेतलं मोठं सैन्य संपलं होतं, सीझर येत होता, आणि लोक केटोला म्हणत होते की नुसती विनंती कर, तुला तर तो आनंदाने सोडेल. केटोचं म्हणणं प्लुटार्कने दिलंय ते थोडक्यात असं: मला सोडायचा अधिकार याला दिला कोणी? ज्यांच्यावर याची मालकीच नाही त्यांना मालक असल्यासारखा जीवदान देतोय हाच बेकायदेशीरपणा आहे, आणि त्यासाठी मी याचा ऋणी होणार नाही. रात्री प्लेटो वाचत बसला, मग तलवार पोटात घातली, डॉक्टरने जखम शिवली, तर शुद्धीवर येऊन स्वतःच्या हाताने टाके फाडले. सीझर पोचल्यावर म्हणाला की केटो, तुझ्या मरणाचा मला हेवा वाटतो, कारण तुला वाचवायचं श्रेय तू मला मिळू दिलं नाहीस. श्रेय! एवढ्या वेळेलाही हिशेब श्रेयाचाच.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मिंधा. हल्ली राजकारणाने तो पार स्वस्त करून टाकलाय तरी मला दुसरा सापडत नाही. कर्ज फेडता येतं, जीवदान कसं फेडणार? समोरच्याने तोंडातून एक शब्द काढला नाही तरी तुम्ही त्याच्यासमोर मान वर करू शकत नाही, आणि सिनेट म्हणजे तर मान वर करून बोलायची जागा. सीझरने सिनेट बंद नाही केली, उलट वाढवून 900 ची केली. फक्त आत बसलेल्यातले कित्येक त्याच्या कृपेने जिवंत होते आणि कित्येक त्याच्या कृपेने सिनेटर होते.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे, की हे प्रजासत्ताक तरी कुठे धुतल्या तांदळासारखं होतं? नव्हतंच. इ.स.पू. 133 मध्ये जमीनवाटपाचा कायदा करणाऱ्या टायबेरियस ग्रॅकसला सिनेटरांनीच बाकांचे पाय तोडून त्याच्या 300 च्या वर माणसांसकट ठेचून मारलं होतं. केटोचं स्वातंत्र्य म्हणजे काही घराण्यांचं स्वातंत्र्य. आणि आपला तत्त्वज्ञानी ब्रूटस, त्याने सायप्रसमधल्या सॅलॅमिस शहराला 48 टक्के व्याजाने पैसे लावले होते, वसुलीसाठी त्याच्या एजंटने घोडेस्वार नेऊन तिथल्या कौन्सिलला सभागृहात कोंडलं, त्यात 5 जण उपाशी मेले. हे सिसेरोच्या पत्रातच आहे. त्यामुळे ब्रूटसला हिरो करायला माझी तयारी नाही. उलट सीझरने कामं चांगली केली, कॅलेंडर सरळ केलं (त्यासाठी 46 हे वर्ष 445 दिवसांचं करावं लागलं, आपला जुलै अजून त्याच्याच नावाचा आहे), पो नदीपलीकडच्या लोकांना नागरिकत्व दिलं, कर्जाचा प्रश्न बऱ्यापैकी मार्गी लावला. काकांना मी हे सगळं एकदा सांगितलं तर ते खुश होऊन म्हणाले, मग मी काय वेगळं म्हणतोय?

वेगळं हे, की कामं चांगली झाली पण प्रत्येक काम एका माणसाच्या दारातून जायला लागलं. एकदा सिसेरो कोणाच्यातरी कामासाठी सीझरकडे गेला आणि बाहेर थांबून राहिला. सिसेरो म्हणजे माजी कॉन्सल, रोमचा सगळ्यात मोठा वक्ता, बसलाय वेटिंगमध्ये. त्याला बघून सीझर म्हणाला, लोक माझा किती द्वेष करत असतील यात शंका कसली, मार्कस सिसेरोसारख्या माणसाला ताटकळत बसावं लागतंय, वाटेल तेव्हा भेटता येत नाही. हे सीझरचा मित्र मॅटियस याने नंतर सिसेरोलाच सांगितलं. म्हणजे सीझरला कळत होतं! आणि कळूनही काही करता येत नव्हतं, कारण मनाचा चांगलेपणा खुर्ची दुरुस्त करू शकत नाही, फार तर वेटिंगमध्ये बसलेल्याशी गोड बोलू शकतो.

बाकी खुर्चीचं चढत गेलंच. आधी 11 दिवस डिक्टेटर, मग एक वर्ष, मग 10 वर्षांसाठी, आणि 44 च्या सुरुवातीला तहहयात. 45 च्या शेवटच्या दिवशी एक कॉन्सल वारला तर याने उरलेल्या काही तासांसाठी दुसरा नेमला, सिसेरोने एका मित्राला पत्रात लिहिलं की हा एवढा जागरूक कॉन्सल की पूर्ण कारकिर्दीत डोळ्याला डोळा लावला नाही. विनोद चांगला आहे, पण त्याच पत्रात तो म्हणतो की तू इथे असतास तर तुला रडू आवरलं नसतं. आणि सिनेटने ठराव केला की सीझरच्या दयेचं देऊळ बांधायचं. देऊळ! माणसाची माफी गाभाऱ्यात जाऊन बसली की बाकीच्यांनी फक्त हात जोडायचे उरतात.

15 मार्च 44 ला जे झालं त्यातले दोन तपशील मला कधी विसरता येत नाहीत. एक म्हणजे क्विंटस लिगॅरियस. याच्यासाठी सिसेरोने सीझरसमोर असं भाषण केलं होतं की सीझरच्या हातातले कागद गळून पडले आणि त्याने माफ करून टाकलं. तोच लिगॅरियस पुढे कटात सामील. दुसरा तपशील खुनाचा. मारेकऱ्यांनी सीझरला घेरायला निमित्त काय वापरलं, तर टिलियस किंबर पुढे झाला आणि हद्दपार भावाला माफ करा म्हणून विनवायला लागला. बाकीचे पण भोवती जमले, हात धरायला लागले, आमचीही विनंती आहे म्हणे. सीझर नाही म्हणाला तेव्हा किंबरने त्याचा टोगा (अंगावरचं वस्त्र) खांद्यावरून खाली ओढला, तीच खूण होती. पहिला वार कास्काचा, एकूण 23 जखमा. म्हणजे सीझरच्या जवळ पोचायचा सगळ्यात नॉर्मल, कोणालाही संशय न येणारा मार्ग कोणता होता तर माफीचा अर्ज.

याच्या बरोबर दोन दिवसांनी सिनेट भरली आणि सिसेरोने अथेन्सचा दाखला देऊन झालं गेलं विसरायचा ठराव मांडला. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. अथेन्समध्ये इ.स.पू. 403 ला तीस जुलमी लोकांची सत्ता उलथल्यावर नागरिकांनी एकमेकांना शपथ घातली होती की जुनं उकरणार नाही. तिथे माफ करणारा कोणी एकटा नव्हता, त्यामुळे मिंधाही कोणी नव्हता, आणि ती शपथ बऱ्यापैकी टिकली. रोममध्ये टिकली नाही, कारण तोपर्यंत खरी ताकद ठरावात राहिलीच नव्हती, सैनिकांत होती. 43 च्या शेवटी सीझरच्या बाजूचे अँटनी, ऑक्टेव्हियन (सीझरचा दत्तक वारस) आणि लेपिडस यांनी सुल्लासारख्या परत याद्या लावल्या, आणि वर कारण दिलं की सीझरने ज्यांना माफ केलं त्यांनीच त्याला मारलं, आम्ही ती चूक करणार नाही. हा निष्कर्ष आजही लोक काढतात, सीझर जरा जास्तच मऊ होता म्हणून गेला. म्हणजे एका माणसाची मेहेरबानी पुरली नाही, तर उपाय म्हणून तिघांची दहशत. 7 डिसेंबर 43 ला सिसेरोला गाठून मारलं आणि त्याचं डोकं, हात फोरममध्ये, जिथे तो भाषणं करायचा त्याच चौथऱ्यावर लावले.

त्याच यादीत मेसाला कॉर्व्हिनस नावाचा एक तरुण होता. तो निसटला, ब्रूटस-कॅसियसकडून फिलिपीच्या लढाईत लढला, हरला, मग हळूहळू बाजू बदलत ऑक्टेव्हियनकडे आला. ऑक्टेव्हियन इ.स.पू. 27 मध्ये ऑगस्टस झाला, सिनेटने त्याला सोन्याची ढाल दिली, तिच्यावर जे चार गुण कोरले होते त्यातला एक दया. आणि इ.स.पू. 2 मध्ये भर सिनेटमध्ये, सगळ्यांच्या वतीने, ऑगस्टसला राष्ट्रपिता म्हणून हाक मारायला उभा राहिला तो हा मेसालाच. ऑगस्टसच्या डोळ्यात पाणी आलं म्हणतात.